बैठकीचा तिवडा

क्लच दाबून पाय वर घेतला की माझा डावा गुडघा स्टेअरिंगच्या कडेला घासायचा. उजवा पाय एक्सिलेटरवरून ब्रेककडे नेताना किल्लीचं जुडगं गुडघ्यावर आपटायचं. पुण्याहून कोल्हापूरला निघालं की साताऱ्याच्या पुढे उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली ठणका सुरू व्हायचा, तो घरी पोचून जिना चढतानाही सोबत असायचा. माझी उंची ६ फूट ३ इंच, सेंटीमीटरात सांगायची तर १९१. इतकी वर्षं मी या दुखण्याचा अर्थ एकाच वाक्यात लावत होतो: माझे पाय या गाडीला लांब होतात.

हेच वाक्य घेऊन मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला एका कुशनवाल्याकडे गेलो. सीटच्या रेलला पट्टी जोडून सीट चार-पाच सेंटीमीटर मागे घेऊन देतात, असं ऐकलं होतं. मिस्त्रींनी मला गाडीत बसवलं, क्लच तळापर्यंत दाबायला सांगितला आणि दार उघडं ठेवून बाजूने पाहत राहिले. मग माझ्या कमरेमागे हात घालून फोम चाचपला. "साहेब, पाय लांब हाईत ते खरं. पण गुडघा अडतोय तो बूड पुढं आल्यामुळं," ते म्हणाले. आणि त्याच दमात विचारलं, "मागं कोण बसतंय?"

त्या दिवशी ही दोन वाक्यं मला सुटी वाटली. ती एकच आहेत, हे कळायला बरेच दिवस गेले. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण ते सावकाश सांगावं लागेल, कारण पायाला जागा करून देणं म्हणजे काय याचा आपला अंदाजच मुळात चुकलेला असतो.

पायाला जागा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुडघ्यासमोरची पोकळी येते. डॅशबोर्ड आणि गुडघा यांच्यातलं अंतर. चालकाच्या बाबतीत ती पोकळी दुय्यम आहे. मागच्या सीटवर बसलेला माणूस पाय तिरके करील, पोटऱ्या आत घेईल, मांडीवर मांडी टाकील. चालकाची पावलं मात्र पेडलला बांधलेली असतात. पेडल हलत नाहीत. हात स्टेअरिंगला बांधलेले असतात, डोळे काचेबाहेरच्या रस्त्याला. या सगळ्यांच्या मधोमध एकच जागा अशी आहे जिथे माणूस टेकलेला असतो आणि जी हलवता येते: त्याचे खुबे, त्याची बैठक. खळ्यात मळणी चालते तेव्हा मधोमध तिवडा रोवलेला असतो आणि बैल त्याच्याभोवती फिरतात. तिवडा हातभर बाजूला रोवला की सगळ्याच बैलांची फेरी सरकते, एकट्या आतल्या बैलाची नव्हे. गाडीतली बैठक हा असा तिवडा आहे.

मोटारींची आखणी करणारे अभियंतेही इथूनच सुरुवात करतात. खुब्याच्या सांध्याच्या जागेला ते एच-पॉइंट म्हणतात, आणि तो बिंदू मोजण्यासाठी माणसाच्या वजनाचा, सांधे असलेला एक ठरावीक पुतळा सीटवर बसवतात. तो बिंदू ठरला की त्यावरून पेडल, स्टेअरिंग, टप, खांब, आरसे यांची अंतरं ठरत जातात. मात्र एकच बिंदू सगळ्यांना पुरत नाही, म्हणून सीटला रेल आणि खटका देऊन त्या बिंदूला मागेपुढे सरकायची मुभा असते. ही मुभा किती, याचा रूढ हिशेब असा: शंभर बायका उंचीने ओळीत उभ्या केल्या तर बुटक्या टोकाकडून पाचवी, आणि शंभर पुरुषांत उंच टोकाकडून पाचवा, या दोघांच्या मधले सगळे बसले पाहिजेत. त्याही पलीकडच्या माणसाला खटक्याची शेवटची खाच आल्यावर थांबावं लागतं. त्याच्यासाठी रेल संपलेली असते.

आपल्याकडे याला आणखी एक गाठ बसली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, आणि भारतातल्या बहुसंख्य घरगुती गाड्या त्या ४ मीटरच्या आत आखल्या जाऊ लागल्या. त्यात इंजिन बसवायचं, पुढची दोन माणसं, मागची तीन माणसं आणि सामानाची डिकी. पुढच्या सीटची रेल एका खाचेने लांबवली की तितकी जागा मागच्या माणसाच्या गुडघ्यापुढून जाते. "मागं कोण बसतंय?" हा मिस्त्रींचा प्रश्न इथला होता.

आता हिशेब करू. थोडा कंटाळा आला तरी वाचकांनी हा भाग सोडू नये, कारण सगळी मेख यात आहे.

माणसाची मांडी, म्हणजे खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचं हाड, आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची पोटरी, हे दोन्ही साधारण उंचीच्या चौथ्या हिश्शाच्या थोडे आत असतात. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाची ही दोन्ही मिळून ८३-८४ सेंटीमीटर भरतात, माझी ९३-९४. गुडघा १२० अंशांत वाकलेला असेल तर पाय सैल आणि ताकदीचा राहतो, असं धरू. त्या कोनात १७० सेंटीमीटरवाल्याला खुब्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेषेत ७२ सेंटीमीटर लागतात, मला ८१. मी त्याच्या जागेवर बसलो तर माझा गुडघा १२० ऐवजी १०० अंशांच्या आसपास दुमडतो, मांडी सीटवरून वर उचलली जाते आणि गुडघा स्टेअरिंगखाली जाऊन अडतो. नऊ सेंटीमीटरचा हा फरक. यातला बराचसा रेलने मला दिलाच होता. शेवटच्या खाचेवर बसूनही मला कमी पडत होते ते चार सेंटीमीटर.

हे अंतर ज्या रेषेवर मोजायचं ती रेष तिरकी आहे. खुबा घोट्यापेक्षा वर असतो, आणि मागेही. लहान गाडीत खुबा घोट्याच्या वर फार तर वीस सेंटीमीटर असतो आणि मागे सत्तरच्या आसपास. म्हणजे तो त्रिकोण लांबट, जवळजवळ आडवा पडलेला असतो. अशा त्रिकोणात सीट एक सेंटीमीटर मागे नेली की तो सेंटीमीटर जवळजवळ पुरा पायाला मिळतो. सीट एक सेंटीमीटर वर उचलली तर मात्र पायाला मिळतात जेमतेम तीन मिलिमीटर. उलट ट्रकमध्ये किंवा एसटीच्या केबिनमध्ये चालक जवळजवळ खुर्चीवर बसावा तसा बसतो, त्रिकोण उभा असतो, तिथे वर उचलण्यालाही चांगला मोबदला मिळतो. म्हणून सहा फुटी चालक एसटी चालवताना अवघडलेला दिसत नाही. १९९८ मध्ये आलेली सॅन्ट्रो आणि तिच्या मागोमाग १९९९ मध्ये आलेली वॅगन आर या गाड्यांनी हीच युक्ती लहान लांबीत आणली: टप उंच करा, माणसाला उभट बसवा, म्हणजे कमी लांबीत जास्त पाय मावतात. त्यांच्या उंच, डब्यासारख्या आकाराला नाकं मुरडणाऱ्यांनी त्या आकारामागचं हे शहाणपण पाहिलं नाही. १९८३ च्या मारुती ८०० मध्ये टपच बुटका होता, त्यामुळे ही वाट बंद होती.

इथे मला माझी स्वतःची चूक दिसली. टपाला डोकं लागेल या भीतीने उंच माणूस कुठल्याही गाडीत बसला की पहिल्यांदा सीट खाली करतो. मीही तेच करत आलो होतो. माझ्या गाडीत सीट वर-खाली करायचा दांडा होता आणि तो पहिल्या दिवसापासून तळाला होता. डोक्यावर चार बोटं जागा मोकळी, आणि पाय मात्र दुमडलेले. सीट चार सेंटीमीटर वर घेतली तर डोक्यावर दोन बोटं उरतात आणि पायाला सव्वा सेंटीमीटरच्या जवळपास मिळतं. थोडं आहे, पण फुकट आहे. स्टेअरिंगचा दांडा सैल करून तेही एक खाच वर घेतलं. जुडग्यातून घराच्या, कपाटाच्या किल्ल्या काढून गाडीची किल्ली एकटी ठेवली.

उरले पावणेतीन सेंटीमीटर. ते मागून आणायचे होते, आणि मागून आणायच्या दोन वाटा आहेत. एक लोखंडाची, एक फोमची.

लोखंडाची वाट म्हणजे रेल मागे नेणं. सीट गाडीच्या तळाला चार बोल्टनी धरलेली असते. ते बोल्ट काढून खाली जाड पट्टी बसवायची, पट्टीला पुढे जुनी भोकं आणि मागे नवी, आणि नव्या भोकांत रेल कसायची. दिसायला सोपं काम आहे. काही जण तर पट्टीही घालत नाहीत, पत्र्यालाच मागे भोकं पाडतात. हे करू नये असं मी म्हणतो, आणि त्याचं कारणही सांगतो. गाडीचा तळ सगळीकडे सारखा नसतो. ज्या जागी मूळ बोल्ट आहेत तिथे पत्र्याखाली आडवी तुळई असते, जाड पट्टा असतो, वेल्ड केलेला नट असतो. चार सेंटीमीटर मागे गेलात की खाली नुसता पातळ पत्रा. धडक होते त्या क्षणी सीट आणि तिच्यावरचा माणूस पुढे जायला बघतात. सीट पकडणाऱ्या जोडांनी सीटच्या वजनाच्या वीसपट ओढ सोसली पाहिजे असा अमेरिकेचा नियम आहे, आणि युरोपचा नियमही वीसपट मंदावणीचाच. वीस किलोच्या सीटसाठी ती ओढ ४०० किलोची. त्यात आणखी एक गोष्ट: बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टच्या पट्ट्याचं बक्कल सीटच्या सांगाड्यालाच अडकवलेलं असतं. मग माणसाचा भारही काही अंशी त्याच बोल्टांवर येतो. माझं वजन ९० किलो. त्याचे वीसपट १८०० किलो.

पट्टी घातली तरी प्रश्न उरतोच. सरळ खेचला जाणारा बोल्ट एक, आणि चार सेंटीमीटर बाहेर लोंबणाऱ्या पट्टीच्या टोकाला खेचला जाणारा बोल्ट दुसरा. दुसऱ्या ठिकाणी पट्टी वाकते आणि ती बोल्टला पहारीसारखी उचकटते. सीटच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. १०.९ म्हणजे चौरस मिलिमीटरमागे सुमारे १०० किलो ओढ सहन करणारं पोलाद. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या बिनआकड्याच्या बोल्टबद्दल असं काहीच सांगता येत नाही. रेलवर वेल्डिंग मारणं त्याहून वाईट, कारण रेलचं पोलाद मुद्दाम कठीण केलेलं असतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या शेजारची पट्टी मऊ पडते. कंपनीची सीट तिच्या मूळ रेल-बोल्टांसह तपासलेली असते, पुण्याच्या एआरएआयमध्ये किंवा तसल्याच प्रयोगशाळेत, यंत्राने खेचून. तुमच्या-माझ्या पट्टीला कुणी खेचून पाहिलेलं नसतं. तिची पहिली परीक्षा रस्त्यावर होणार.

शिवाय तिवडा सरकला की बाकीचे बैल सरकतात. खुबा मागे गेला की खांदा मागे जातो आणि स्टेअरिंग तिथेच राहतं. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात सरळ केला तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. बोटंच पोचत असतील तर वळणावर पाठ सीट सोडून पुढे येते. काही गाड्यांत स्टेअरिंग पुढे ओढून घेता येतं, लहान गाड्यांत ते बहुधा फक्त वरखाली होतं. पाठ फार मागे रेलून जागा करणारे तर पट्ट्यालाच निकामी करतात: धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा हाडावरून पोटावर चढतो. खांद्याचा पट्टा दारामागच्या खांबातून येतो. खांदा त्या खांबाच्या मागे गेला तर पट्टा खांद्याला चिकटून बसत नाही, आणि चौकात डावी-उजवीकडे पाहताना तोच खांब डोळ्यांपुढे येतो. पाय सुटला आणि नजर अडली, तर कमावलं काय?

कायदाही विसरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट ठामपणे सांगितली आहे. पुढच्या माणसासाठी मागची सीटच काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. प्रमाणपत्रात आसनसंख्या लिहिलेली असते, हे त्यांनी लक्षात घ्यावं.

फोमची वाट वेगळी आहे. तिच्यात सीट हलत नाही, माणूस हलतो. मिस्त्रींनी माझ्या कमरेमागे हात घातला तो याच्यासाठी. पाठीचा फोम खालच्या बाजूला, जिथे कंबर टेकते तिथे, सगळ्यात जाड असतो, आणि जाड माणसालाही सडपातळ माणसालाही तो तिथे पुढे ढकलतो. माझ्यासारख्याला तो नको त्या उंचीवर टेकतो, कमरेच्या खोलगटाऐवजी ढुंगणाच्या वर. तेवढाच भाग कापून काढला की खुबे मागच्या खोबणीत जातात. आणि आपला त्रिकोण आडवा असल्यामुळे मागे मिळालेला प्रत्येक सेंटीमीटर पायाला जवळजवळ पुरा मिळतो. सीटच्या बुडाचा फोम कापणारेही असतात. मझदाच्या एमएक्स-५ या बुटक्या दोन सीटच्या गाडीचे उंच मालक डोक्याला जागा व्हावी म्हणून तसं करतात, आणि तिथे ते बरोबर आहे, कारण त्यांना टप अडतो. ज्याला गुडघा अडतो त्याने बुडाचा फोम कापला तर तो आणखी खाली जाऊन पाय आणखी दुमडून घेईल.

टपाचा विषय निघाला आहे म्हणून एक सांगतो. १९६७ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डची जीटी४० मार्क ४ ही गाडी डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी जिंकली. जीटी४० मधले ४० म्हणजे गाडीची उंची, इंचांत. गर्नी चांगला उंच होता, हेल्मेट घातल्यावर त्याचं डोकं टपात मावेना. सीट याहून खाली जाणं शक्य नव्हतं. तेव्हा त्याच्या डोक्यापुरता टपालाच फुगवटा काढला, आणि त्या फुगवट्याला आजही गर्नीचं नाव आहे. कारखाना हाताशी असला की तिवडा जागेवर ठेवून खळं बदलता येतं. आपल्याला खळं बदलता येत नाही.

मिस्त्रींनी कव्हर उसवण्याआधी बॅटरीची तार काढली. माझ्या सीटच्या बाजूला एअरबॅग आहे. सीटखाली पिवळ्या वेष्टणाची जी तार आणि जोडणी असते ती एअरबॅगचीच. एअरबॅग असलेल्या बाजूची शिवण धडकेत उसवावी अशा खास दोऱ्याने घातलेली असते. त्या बाजूला त्यांनी हातही लावला नाही, कात्रीही नाही. मधला पट्टा तेवढा मोकळा केला, गरम तारेने फोमचा अडीच सेंटीमीटर जाडीचा काप काढला, आतली तारेची जाळी अंगाला लागणार नाही एवढा थर शिल्लक ठेवला. काढलेला तुकडा टाकून न देता त्याचा पातळ काप करून बुडाच्या पुढच्या कडेखाली सारला. उंच माणसाची मांडी सीटच्या पुढे अधांतरी राहते आणि सगळा भार ढुंगणावर येतो. ती कड बोटभर उचलली की मांडीला आधार मिळतो. बोटभरच, कारण जास्त उचलली तर क्लच दाबताना ती गुडघ्यामागच्या शिरेवर दाबते. मला तीनदा बसवून, तीनदा क्लच दाबायला लावून त्यांनी ती जाडी ठरवली. सगळं काम दीड तासाचं.

पावणेतीनपैकी अडीच मिळाले. राहिलेल्या पाव सेंटीमीटरचा मला कधी पत्ता लागला नाही. डोकं आता मागच्या आधाराच्या जवळ आलं, ते मानेच्या दृष्टीने चांगलंच झालं. तो आधार मी डोक्याच्या माथ्यापर्यंत वर ओढून घेतला. मनगट अजूनही स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर येतं. साताऱ्याच्या पुढचा ठणका गेला.

ज्यांना चार नव्हे, आठ-दहा सेंटीमीटर कमी पडतात त्यांना फोमने काही होणार नाही, आणि त्यांनी पट्टीवाल्याकडेही जाऊ नये. त्यांची गाडी वेगळी आहे, ती शोधावी. नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये सीट शेवटच्या खाचेला न्या, दांडा वर घ्या, क्लच तळापर्यंत दाबा. मग सीटला हात न लावता उतरा आणि मागचं दार उघडून स्वतःच्याच मागे बसून पाहा.

माझ्या मागे आई बसते. तिच्या गुडघ्यापासून माझ्या सीटच्या पाठीपर्यंत आधी वीतभर जागा होती. फोम कापून आणल्यावर मी पुन्हा मोजली. वीतभरच होती.